बॅटरी सोमवारीच का उतरते?

एका ताईंचं पत्र आलंय, ते थोडक्यात असं आहे. ताईंनी वर्षभरापूर्वी एक वापरलेली गाडी घेतली. आधीच्या मालकाने तिच्यात मोठा स्क्रीनवाला स्टिरिओ, डिकीत ॲम्प (आवाजाची ताकद वाढवणारा डबा) आणि वूफर (जाड आवाजाचा मोठा स्पीकर) बसवलेला होता, तो तसाच राहिला. ऑफिस सुटल्यावर घराखालच्या झाकलेल्या पार्किंगमध्ये गाडी लावली की त्या अर्धा तास गाडीतच बसायच्या, काचा वर, पंखा चालू, हळू आवाजात गाणी. दिवसभरात तेवढाच वेळ माझा असतो, असं त्या लिहितात. पण आठ महिन्यांपूर्वी टाकलेली नवी बॅटरी दोनदा उतरली, दोन्ही वेळा सोमवारी सकाळी, सेल्फ मारला की नुसतं टकटक. भाऊ म्हणाला तुझ्या गाण्यांनी बॅटरी खाल्ली, ते सगळं काढून टाक, नाहीतर निदान इंजिन चालू ठेवून ऐकत जा. मेकॅनिक म्हणतो मोठी बॅटरी टाका. स्टिरिओचा फ्यूज मध्ये एकदा उडाला तेव्हा शेजाऱ्यांनी १० ॲम्पिअरच्या जागी २० चा घालून दिला. ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून बारीक कुंईं असा आवाज येतो. महिना झाला, ताईंनी गाडीत गाणी ऐकणं बंद केलंय, तरी मागच्या सोमवारी तिसऱ्यांदा तेच. भाऊ म्हणतो बॅटरी आधीच खराब झाली होती म्हणून. आणि पत्राच्या शेवटी जाता जाता एक ओळ: सकाळी डिकीत बॅग ठेवताना ॲम्पला हात लागला तर तो कोमट होता. चूक माझीच आहे का आणि मी आता नेमकं काय करू, असं त्यांनी विचारलंय.

ताई, तुम्ही जी ओळ जाता जाता लिहिलीत तिथेच मी थांबलो. कोमट ॲम्प. रात्रभर बंद असलेल्या, सावलीतल्या गाडीत सकाळी कुठलीच वस्तू कोमट असायचं कारण नाही. चावी तुमच्या पर्समध्ये होती, स्क्रीन काळा होता, स्पीकरमधून काही येत नव्हतं, आणि तरी तो डबा रात्रभर बॅटरीतून करंट ओढत बसला होता, त्याचीच ती ऊब. शंभर टक्के खात्री गाडी बघितल्याशिवाय कुणी देऊ शकत नाही, पण तुमचा तो सोमवार या एका गोष्टीशी इतका जुळतो की मी तरी दुसरीकडे शोधायला नंतर जाईन.

आधी गाण्यांचा हिशोब करू, कारण महिनाभर तुम्ही स्वतःला त्याची शिक्षा देताय आणि हिशोब मात्र कुणीच केलेला नाही, ना भावाने, ना मेकॅनिकने. बॅटरीवर ए.एच. म्हणून एक आकडा छापलेला असतो, ॲम्पिअर-अवर, लहान गाड्यांना साधारण ३५ ते ४५. तुमची ४० ची धरू. म्हणजे एक ॲम्पिअर ओढत राहिलं तर ढोबळमानाने ४० तास. हळू आवाजातला स्टिरिओ एक-दोन ॲम्पिअर घेतो, ॲम्प आणि वूफर धरून अगदी हात सैल सोडून पाच म्हणा, आणि तो पंखा बारीक स्पीडवर असला तरी आणखी तीन-चार. म्हणजे अर्ध्या तासात सगळं मिळून चार-साडेचार ए.एच. गेले, ४० मधले. (त्यातही गाण्यांइतकाच वाटा पंख्याचा निघाला हे लक्षात आलं का?) धडधाकट बॅटरी एवढ्याने बसत नाही, अर्ध्या तासानंतरही गाडी पहिल्या सेल्फला उठायला हवी, आणि तुमची उठतही होती, कारण गाणी ऐकून झाल्यावर गाडी चालू झाली नाही असं तुम्ही एकदाही लिहिलेलं नाही.

आता रात्रीचा हिशोब. ॲम्प नुसता जागा असला, गाणं वाजत नसलं, तरी लहान-मोठ्या आकाराप्रमाणे साधारण अर्धा ते दीड ॲम्पिअर खातो. एक धरा. संध्याकाळी सात ते सकाळी नऊ, झाले १४ ए.एच. मग तुम्ही ऑफिसला जाता, इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा अल्टरनेटर त्यातलं थोडंफार परत भरतो, सगळं नाही भरू शकत कारण छोट्या अंतरात आणि ट्रॅफिकमध्ये त्याला पुरेसा वेळ मिळत नाही, दिवसभर ऑफिसखाली उभी असताना परत तेच, तरी आठवडा कसाबसा निभतो. शुक्रवारी संध्याकाळी सात ते सोमवारी सकाळी नऊ, मधे गाडी हललीच नाही, तर मात्र ६२ तास होतात. ४० ची बॅटरी आणि ६२ ची मागणी. म्हणून सोमवार. गाणी बंद केल्यावरही सोमवार, कारण तुम्ही ऐका नाहीतर नका ऐकू, ॲम्पला काहीच फरक पडत नव्हता.

मोठी बॅटरी टाकायचा सल्ला मला पटत नाही तो याच आकड्यांमुळे. ६० ची टाकली तरी ६२ तास तिथेच उभे आहेत. गळक्या टाकीच्या जागी मोठी गळकी टाकी आणली तर पाणी दोन तास उशिरा संपेल एवढंच. शिवाय गाडीची साधी बॅटरी सेल्फसाठी बनवलेली असते, दोन-तीन सेकंद शंभर-दोनशे ॲम्पिअर दणकून द्यायचे आणि लगेच परत भरून घ्यायचं हे तिचं काम, हळूहळू तळापर्यंत रिकामी होणं तिला मानवत नाही. रिकाम्या अवस्थेत पडून राहिली की आतल्या प्लेटवर सल्फेटचा थर कडक होतो आणि तेवढी जागा कायमची कामातून जाते. म्हणजे भाऊ म्हणतो त्यात अर्धं खरं आहे, तुमच्या बॅटरीला तीनदा तळ गाठून इजा झालेली असणारच, फक्त ती इजा गाण्यांनी केलेली नाही.

मग हा ॲम्प रात्री झोपत का नाही? स्टिरिओच्या मागे जो वायरींचा झुपका असतो त्यात बाहेरून बसवलेल्या बहुतेक स्टिरिओंमध्ये पिवळी वायर थेट बॅटरीकडून येते आणि ती कायम चालू असते, घड्याळ आणि सेटिंग लक्षात ठेवायला. लाल वायर चावी फिरवल्यावर जिवंत होते. काळी म्हणजे अर्थिंगची, गाडीच्या पत्र्याला जोडलेली. आणि निळी, बहुतेक वेळा पांढऱ्या पट्ट्याची, ही ॲम्पला निरोप देणारी: स्टिरिओ चालू झाला, तू पण ऊठ, स्टिरिओ बंद झाला, झोप. बसवणाऱ्याने घाईत ही निळी वायर कायम चालू असलेल्या पिवळीला जोडली, किंवा लाल आणि पिवळी एकत्र पिळून टेप मारली म्हणजे चावीशिवाय पण स्टिरिओ वाजतो, तर गाडी बंद करा, लॉक करा, काहीही करा, ॲम्पला झोपायचा निरोप जातच नाही. असं मी इतक्या गाड्यांमध्ये बघितलंय की नवीन काही वाटत नाही, चावीवर चालणारी लाइन शोधायला डॅशबोर्ड थोडा जास्त खोलावा लागतो, ते वाचवलेलं असतं. आधीच्या मालकाला कदाचित हे कळलंही नसेल, रोज लांबची गाडी चालवणाऱ्याची बॅटरी रोज भरून निघते.

हे तपासायला तुम्हाला कुणाचीही गरज नाही. आज गाडी लॉक करा, अर्धा-पाऊण तास जाऊ द्या, मग डिकी उघडून ॲम्पकडे बघा. बहुतेकांवर बारीक लाल, हिरवा किंवा निळा दिवा असतो, तो चालू असेल तर चोर सापडला. दिवा नसेल किंवा दिसत नसेल तर पुढची परीक्षा त्याहून पक्की आहे. बॉनेट उघडा, बॅटरीच्या प्लसपासून ॲम्पकडे जी जाड वायर निघते तिच्यावर बॅटरीजवळच एक फ्यूजची डबी असायला हवी, त्यातला फ्यूज काढून ठेवा (काढताना गाडी बंद, स्टिरिओ बंद), आणि शुक्रवार ते सोमवार गाडी तशीच उभी करा. सोमवारी सेल्फला गाडी दमदार उठली तर दोष ॲम्पच्या बाजूचा, यात शंका नाही. तरीही उतरली तर खाणारा दुसरा कुणीतरी आहे, डिकीचा दिवा, न झोपणारा स्टिरिओ, नंतर लावलेला ट्रॅकर किंवा डॅशकॅम. तो शोधायला मात्र ऑटो इलेक्ट्रिशियन लागेल. पण ही परीक्षा करायच्या आधी बॅटरी चार्जरवर लावून पूर्ण भरून घ्या, नाहीतर आधीच अर्धी रिकामी बॅटरी निर्दोष गाडीतही दगा देईल आणि आपण उगाच गोंधळू. अगदी तळाला गेलेली बॅटरी अर्धा तास गाडी फिरवून भरत नाही, हे पण सांगून ठेवतो, तिला चार्जरवर रात्र काढावी लागते.

इलेक्ट्रिशियनकडे गेलात तर त्याला सरळ सांगा की गाडी झोपलेली असताना किती करंट जातो ते मोजून द्या. मायनसची केबल सोडवून ती आणि बॅटरी यांच्या मध्ये मीटर लावतात, दारं बंद, चावी लांब, आणि मग थांबावं लागतं, वीस मिनिटं, नव्या गाड्यांत कधी कधी तासभर, कारण आतले कॉम्प्युटर एकेक करून झोपतात. लगेच मोजून "अहो इथे तीन ॲम्पिअर जातायत" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, तो जाग्या गाडीचा आकडा आहे. नीट झोपलेली गाडी २० ते ५० मिलिॲम्पिअर घेते, ५० धरले तरी दिवसाला १.२ ए.एच., म्हणजे तीन-चार आठवडे उभी राहिली तरच त्रास. याच्या कितीतरी पट जास्त आला तर एकेक फ्यूज काढत जायचं, ज्या फ्यूजला आकडा पडेल त्या लाइनवर चोर. मीटर लावलेला असताना सेल्फ मात्र मारायचा नाही, मीटरचाच फ्यूज जातो.

आता त्या २० च्या फ्यूजबद्दल, आणि इथे मी जरा कडक बोलणार आहे, कारण बॅटरी उतरणं ही गैरसोय आहे, पण हा प्रकार आगीकडे जातो. शेजाऱ्यांनी मदत म्हणूनच केलं, त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. पण फ्यूज हा स्टिरिओला वाचवायला आहे असा जो समज असतो तो चुकीचा आहे, फ्यूज वायरला वाचवतो. १० च्या लाइनला कंपनीने वायर दिलीय ती १० चा फ्यूज उडण्याआधी तापू नये एवढ्या जाडीची. तिथे २० चा बसवला की १५-१८ ॲम्पिअर जात राहिले तरी फ्यूज शांत बसणार आणि कार्पेटखाली, डॅशबोर्डमागे, जिथे तुम्हाला दिसत नाही तिथे वायरच फ्यूजचं काम करणार, म्हणजे वितळणार. माझ्या पहिल्या गाडीत मी स्वतः हे केलं होतं, फ्यूज सारखा उडतो म्हणून पुढचा मोठा घातला, आणि काही दिवसांनी प्लास्टिक जळाल्याचा वास आला तेव्हा पॅनेल उघडून बघितलं तर वायरचं कव्हर शेजारच्या दोन वायरींना चिकटून एकजीव झालेलं. मी त्या वेळी गाडीत होतो म्हणून निभावलं. अजूनही तो वास आला की माझा हात आधी चावीकडे जातो. तुमच्याकडचा २० चा फ्यूज आजच काढा. रंगावरून ओळखता येतो, पात्याच्या फ्यूजमध्ये १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. लाल परत बसवा, आणि तो परत उडाला तर उडू द्या, तो काहीतरी सांगतोय, मग त्या लाइनवर गाणी बंद ठेवा आणि का उडतो ते शोधा. मूळ कुठल्या आकड्याचा होता ते फ्यूजबॉक्सच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात असतं, शेजाऱ्यांच्या आठवणीवर जाऊ नका.

बॉनेट उघडलंच आहे तर ती जाड वायर पण नीट बघा. बॅटरीच्या प्लसपासून साधारण ४५ सेंटिमीटरच्या आत तिच्यावर फ्यूज हवा. तो ॲम्पजवळ डिकीत असून चालत नाही, कारण मधली सगळी वायर, जी पत्र्याच्या भोकातून आत येते, सीटखालून जाते, ती मग उघड्यावर पडते. ते भोक जिथे आहे तिथे रबरी रिंग हवी. पत्र्याची धार आणि गाडीची थरथर मिळून वर्ष-दोन वर्षांत वायरचं कव्हर कापतात, आणि प्लसची वायर बॉडीला टेकली की बॅटरीतला सगळा करंट तिथून धावतो, फ्यूज नसेल तर त्याला थांबवणारं कुणीच नाही. फ्यूज आहे का, आणि रिंग आहे का, एवढं बघा, आणि दोन्हीपैकी एक जरी नसेल तर बॅटरीकडचं टोक सोडवून, त्याला नीट टेप करून बाजूला बांधून ठेवा, काम होईपर्यंत वूफर राहिला बंद तर राहू दे.

यावरूनच भावाच्या सल्ल्याकडे येतो. सगळं काढून टाक हे तो रागाने म्हणत असेल असं मला वाटत नाही, सोमवारी सकाळी बहीण बंद गाडीपाशी उभी आहे हे तीनदा बघितल्यावर कुणीही असंच म्हणेल. काढून टाकायचा पर्याय वाईट पण नाही. मी तुम्हालाच विचारतो, तो वूफर तुम्हाला हवाय का? तुम्ही घेतलेला नाही, तुमच्या आधीच्या कुणाच्या तरी आवडीचा आहे, आणि तुम्ही ऐकता हळू आवाजात. स्टिरिओच्या स्वतःच्या पोटात छोटा ॲम्प असतोच, डब्यावर "५० वॉट गुणिले ४" असं काहीही छापलेलं असलं तरी सतत देता येणारी ताकद प्रत्येक स्पीकरला साधारण १५ ते २० वॉटच असते, पण बंद काचांच्या गाडीत हळू गाणी ऐकायला ती भरपूर झाली. दारातले चार स्पीकर चांगले असतील तर तुमचा अर्धा तास वूफरशिवायही तितकाच छान जाईल. ज्यांना बेसचा धक्का हवाच असतो त्यांना मात्र हे पटणार नाही आणि त्यांना पटवायची गरजही नाही, नीट जोडलेला ॲम्प वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतो.

काढायचं ठरवलंत तर एक गोष्ट अजिबात होऊ देऊ नका. डिकीतला डबा उचलायचा आणि वायरी कापून कार्पेटखाली सारायच्या, असं काढणं ठेवण्यापेक्षा धोक्याचं. बॅटरीकडचं टोक जोडलेलंच राहतं, म्हणजे डिकीत एक जिवंत उघडी तार, वर तुमची बॅग. आधी बॅटरीचा मायनस सोडवायचा, मग जाड वायर बॅटरीकडून काढायची आणि पूर्ण लांबीची बाहेर ओढून घ्यायची. ठेवायचं ठरवलंत तर काम छोटंच आहे, निळी वायर तिच्या योग्य जागी, लाल वायर चावीवरच्या लाइनला, बॅटरीजवळ योग्य फ्यूज, आणि टेप मारलेल्या पिळांच्या जागी नीट दाबलेले किंवा डाग दिलेले जॉइंट वर स्लीव्ह चढवून. टेपचा गोंद उन्हाळ्यात सुटतो. गाडीच्या मूळ कपलरला (वायरींच्या प्लगला) बसणारा तयार जोड मिळत असेल तर तोच घ्या, कंपनीची वायर कापायची वेळच येत नाही. आणि पिवळ्या आवरणातल्या किंवा पिवळ्या कपलरच्या वायरींना कुणालाही हात लावू देऊ नका, त्या बहुधा एअरबॅगच्या असतात (स्टिरिओमागची पिवळी वायर वेगळी).

भावाचा दुसरा सल्ला, इंजिन चालू ठेवून ऐक, तो मात्र सोडून द्या. तुमचं पार्किंग झाकलेलं आहे. चालू इंजिनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही, रंग नाही, बंदिस्त जागेत तो साठतो आणि माणसाला आधी डोकं दुखतं, मग झोप येते, आणि आपण दमलोय म्हणून झोप येतेय असंच वाटतं. अर्ध्या तासाच्या गाण्यांसाठी हा धोका नको. शिवाय इंजिन नुसतं गुरगुरत उभं असताना अल्टरनेटर त्याच्या पूर्ण ताकदीच्या बराच खाली चालतो, म्हणजे चार्जिंगचा फायदाही बेताचाच. त्यापेक्षा चावी एकच टप्पा फिरवून बसा, म्हणजे स्टिरिओ चालेल पण डॅशबोर्डवरचे सगळे दिवे, पेट्रोल पंप, सेन्सर वगैरे जागे होणार नाहीत. बटण स्टार्टवाल्या बहुतेक गाड्यांत ब्रेकवर पाय न ठेवता बटण एकदा दाबलं की तेच होतं. हेडलाइट बंद, दोन्ही मिळून नऊ-दहा ॲम्पिअर खातात. पंखा त्या टप्प्यावर चालत असेल तर बारीक, नाहीतर काच दोन बोटं खाली.

ॲक्सिलरेटरबरोबर चढणारा तो कुंईं आवाज अल्टरनेटरचा आहे, स्पीकर खराब नाहीत. बहुतेक वेळा कारण एकच, ॲम्पची अर्थिंगची वायर रंगावरच स्क्रू मारून जोडलेली. पत्र्यावरचा रंग खरवडून चकचकीत धातूला नट-बोल्टने घट्ट बसवली, वायर अर्धा मीटरपेक्षा छोटी ठेवली, की खूपदा आवाज तिथेच संपतो. संपला नाही तर करंटची जाड वायर आणि गाण्याची बारीक केबल एकाच बाजूने एकमेकींना खेटून नेलेल्या असतील, एक डावीकडून आणि एक उजवीकडून न्यायला सांगा. कपॅसिटर (करंट क्षणभर साठवणारा डबा) लावा म्हणून कुणी सांगितलं तर तुमच्या त्रासाशी त्याचा संबंध नाही. आणि ॲम्पवरचा गेन नावाचा स्क्रू हा आवाज वाढवायचा नाही, स्टिरिओ आणि ॲम्पचा मेळ बसवायचा आहे, तो पूर्ण फिरवलेला असेल तर आवाज फाटतो आणि स्पीकरच्या कॉइल जळतात.

तीनदा गाडी दुसऱ्या बॅटरीवरून उठवलीत, तर पुढच्या वेळेसाठी हे पण लिहितो, कारण घाईत हमखास उलटं होतं. लाल केबल आधी तुमच्या उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, तिचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला, मग काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि काळीचं शेवटचं टोक तुमच्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडाला ठिणगी पडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो म्हणून लांब. काढताना बरोबर उलट्या क्रमाने. प्लस-मायनसची अदलाबदल एक क्षण जरी झाली तरी स्टिरिओपासून इंजिनच्या कॉम्प्युटरपर्यंत काहीही जाऊ शकतं. आणि अल्टरनेटर चालतोय का बघायला चालू गाडीत बॅटरीची केबल काढून दाखवणारा कुणी भेटला तर त्याला हात जोडा. बॅटरी अचानक सुटली की व्होल्टेज उसळतं आणि त्यात इलेक्ट्रॉनिक्स मरतात.

बॅटरी बदलायची की नाही हे आत्ता ठरवू नका. चोर पकडला, चार्जरवर पूर्ण भरली, काही तास नुसती ठेवली, मग मीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवं. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. सेल्फ मारताना आकडा क्षणभर पडतो, पण साधारण साडेनऊच्या खाली जात असेल तर ती थकली. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ आला की अल्टरनेटर ठीक, नव्या काही गाड्यांत तो मुद्दाम कमी-जास्त होतो तेवढं लक्षात ठेवा. नवी घ्यावीच लागली तर मूळ गाडीला जी जात आणि जो आकार सांगितलाय तीच, सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या गाडीत तर नक्कीच, तिथे साधी बॅटरी टिकत नाही.

लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारा छोटा व्होल्टमीटर मिळतो, तो एक घेऊन ठेवा. आणि एवढं करा ताई, तो ॲम्पचा फ्यूज काढलेला असताना, बॅटरी भरलेली असताना, एक दिवस ऑफिसमधून आल्यावर नेहमीसारख्या गाडीतच बसा. नुकतीच चालवलेली असेल तर पहिली पाच-दहा मिनिटं आकडा फुगलेला दिसतो, हेडलाइट एक मिनिट लावून बंद केले की तो खाली येतो. मग आकडा लिहून घ्या, गाणी लावा, अर्धा तास पूर्ण ऐका, परत आकडा लिहा. फरक कसाबसा एक दशांश व्होल्टचा निघेल. तो कागद भावाला दाखवा, आणि त्याला सांगा की शनिवारी वायरिंग उघडून बघायला मला तुझी मदत हवी आहे.